‘12 दिवस सांगून 24 लावले’: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की कथक क्लासच्या लाकडी फ्लोअरिंगला आम्ही 12 दिवस सांगून 24 लावले, फोन उचलले नाहीत आणि दाराजवळ पाय पडला की फळी कुरकुरते. गुरुपौर्णिमा तुम्हाला जुन्या हॉलमध्येच करावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनचं तर काही समर्थनच नाही.

पण आम्ही ‘टाइमपास केला’ हे वाचलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

कोटेशनमध्ये ‘कोबा पूर्ण सुकल्यावर’ असं लिहिलेलं आहे, बघा (कोबा म्हणजे लाकडाखालचा काँक्रीटचा थर). आम्ही आलो तेव्हा तुमच्या आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने टाकलेला 4 इंची कोबा जेमतेम तीन आठवड्यांचा होता. वॉचमन काका अजून रोज सकाळी त्यावर पाइपने पाणी मारत होते. त्यांना कुणी थांबा म्हटलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “वरून ठणठणीत दिसतोय की!” म्हणून मी दीड फुटी प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर उचललं. आतून थेंब डवरलेले, खालचा चौकोन काळपट. तुम्ही स्वतः बोट फिरवून पाहिलंत. काँक्रीटला 28 दिवसांत ताकद येते, ओल जात नाही. ओलीचा आमच्यातला हिशेब इंचाला एक महिना, आणि पुण्यातल्या जुलैत तोही धरवत नाही.

चार महिने थांबा म्हटलं असतं तर तुम्ही दुसरा सुतार पाहिला असता. म्हणून सहा दिवस पंखे लावले, मग ओल अडवायला इपॉक्सीचे (रेझिनच्या लेपाचे) दोन हात, ते वाळल्यावर प्लास्टिक भिंतीवर चढवून घेतलं, त्यावर वाळवीचं औषध मारलेल्या रिपा (लाकडी पट्ट्या) दर 16 इंचांवर, मग प्लाय, मग फळ्या. तसंच ठोकून दिलं असतं तर 12 दिवसांत झालंही असतं. दिवाळीपर्यंत फळ्यांच्या कडा वर आल्या असत्या आणि अनवाणी पोरींच्या पायांना लागल्या असत्या. तेव्हा किती स्टार दिले असतेत? (भिंतीलगतची अर्ध्या इंचाची फट ‘राहून गेलेली’ नाही. लाकडाला फुगायला जागा लागते, म्हणून ती ठेवून वर स्कर्टिंग बसवलंय.)

कुरकुर मात्र आमची. रिपेखालची पाचर सैल झाली असणार. मंगळवारी सकाळी मी स्वतः येतो, दोन फळ्या उघडून नीट करून देतो, पैसे नाहीत. यापुढे ओल तपासल्याशिवाय तारीख देणार नाही. फोनचंही काहीतरी बघतोय.

वडील भवानी पेठेत टिंबर मार्केटला सुतारकाम करायचे. आमचं अजूनही सगळं ओळखीवर चालतं, आणि तुमच्या रिव्ह्यूनंतर ठरलेलं एक काम थांबलंय. राहिलेल्या रकमेचा विषय मी इथे काढत नाही. फक्त मावशींना सांगा, फ्लोअर ओल्या फडक्याने पुसू नका. मागच्या वेळी आलो तेव्हा बादली दाराशीच होती.