दिवसाला एक मिलिमीटर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या आमच्या धायरी-नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा पेपरात रोज आकडा यायचा. त्या आकड्यात एक मी होतो. आधी दोन दिवस जुलाब. ते थांबले म्हणून निर्धास्त झालो, आणि आठवड्याभराने सकाळी चपलेत पाय सरकवला तर चप्पल घातलीय की नाही हेच कळेना. संध्याकाळी जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी हातातून चहाचा कप सुटला.

पाणी कुठलं, विहीर कुणाची, यावर तेव्हा भरपूर बोलून झालंय. मला आज काकांबद्दल लिहायचंय.

काका नात्यातले नाहीत. आयटीआय करून नऱ्ह्याच्या एका टूलरूममध्ये लागलो, तिथले ते सगळ्यात जुने फिटर. पहिले तीन महिने मशीनला हात लावू दिला नाही. फक्त कानस. घासायचं, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत घास. २०१६ ला मी स्वतःचं शेड टाकलं, तर वर्षभर बोलले नाहीत. मग एक दिवस आपणहून आले आणि व्हाइस सैल बसवलाय म्हणून माझ्याच कामगारांसमोर ओरडले.

हॉस्पिटलात आयव्हीआयजी सुरू झालं. किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत. माझं वजन ७० किलो, म्हणजे १४० ग्रॅम. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं औषध. बायको बिलाच्या काळजीत, आणि काका चष्मा कपाळावर चढवून बाटलीवरचं लेबल वाचतायत. डॉक्टर सांगत होते की नसेवरचं वेष्टण तसं लवकर भरून येतं, पण आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. माझ्या पोटात गोळा आला. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत किती मिलिमीटर, हा हिशोब मला न मांडताच कळला होता. काकांनी ते मशीनवर हत्यार पुढे सरकायच्या वेगात मोजलं. म्हणाले, "फीड कमी आहे. पण मशीन चालू आहे ना?"

मोबाइलवर तेव्हा 'तू फायटर आहेस', 'पॉझिटिव्ह राहा' असले मेसेज येत होते. लोक प्रेमानेच लिहितात, मान्य. पण लढतोय कसला, मला नाकावरची माशी हाकलता येत नव्हती. पेशंटला शूर म्हटलं की त्याला रडायचीसुद्धा चोरी होते, हे माझं स्पष्ट मत झालंय. काकांसमोर मी दोनदा ढसाढसा रडलो. ते खिडकीतून पार्किंग बघत बसले. थांबल्यावर म्हणाले, "चहा सांगू?"

आयसीयूबाहेर गर्दी होती. घरी आलो, महिना उलटला आणि बेल वाजायची बंद झाली. मला धरून संडासला न्यायला माणूस लागत होता तो या काळात. काका दर गुरुवारी यायचे. गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा लाइट नसते, म्हणजे लिफ्टही नाही. एकाहत्तरीचा माणूस चार मजले चढून यायचा आणि आल्या आल्या पाच मिनिटं बोलू शकायचा नाही.

पहिल्याच गुरुवारी पेढ्याचा जुना डबा आणला होता. आत नट-बोल्ट. एम सोळापासून खाली, म्हणजे सोळा मिलिमीटर जाडीपासून बारीक होत जाणारे. "नट चढव." फिजिओवाली रबरी चेंडू दाबायला देऊन गेली होती, त्याचा मला कंटाळा यायचा. पण बोल्ट हातात आला आणि बोटांना काहीतरी आठवलं. एम सोळाचा नट आट्यावर बसायला मला पाऊण तास लागला. काकांनी बघितलं, उलटा फिरवून काढला आणि परत डब्यात टाकला.

मे महिन्यात एम दहा. गणपतीत एम सहा. शेड आता अर्धा दिवस उघडतो, डाव्या पायात अजून स्प्लिंट आहे, मायक्रोमीटर दोन्ही हातांनी धरावा लागतो.

गेल्या गुरुवारी त्यांनी एम तीन काढला. म्हटलं, "काका, हा तर मला आजाराच्या आधीही धड चढत नव्हता."

"माहितेय," म्हणाले, आणि नट माझ्या तळहातावर ठेवला.