सातशे पानं, एक कुऱ्हाड

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेच्या भक्ताला चौदापैकी कोणत्याही खंडावरून छेडा, तासभर बोलेल. दहाव्याचं नाव काढलंत की आधी सुस्कारा सोडेल. त्या सुस्काऱ्यात मीही सामील आहे. 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' हा तो खंड. जानेवारी 2003 मध्ये आला, सातशे पानांच्या आसपास जातो, आणि कथा मात्र जागची हलता हलत नाही.

भानगड अशी की नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या नवव्या खंडाच्या शेवटी कथानायक रँड आणि त्याची सोबतीण नायनीव्ह एक अचाट काम करतात. तीन हजारांहून अधिक वर्षं नासलेली पुरुषांची जादू ते धुऊन स्वच्छ करतात. त्या भरात एक अख्खं शहर नकाशावरून जातं. आता पुढे काय, म्हणून वाचक सव्वादोन वर्षं ताटकळलेला. आणि रॉबर्ट जॉर्डन काय करतो? घड्याळ मागे फिरवतो. तो स्फोट होत होता तेव्हा बाकीची मंडळी कुठे होती आणि काय करत होती, हे एकेकाच्या तंबूत शिरून दाखवतो. जादू करता येणाऱ्या बायका दूर क्षितिजाकडे माना वळवतात, "हे काय बाई आता?" म्हणून हबकतात, शाली सावरतात आणि चुकीचे तर्क लढवतात. टीव्ही मालिकेत एकाच्या थोबाडीत बसली की दिवाणखान्यातल्या आठही जणांचे चेहरे ढॅणकन तीन-तीनदा दाखवतात, तसला हा प्रकार. फक्त थोबाडीत मागच्या खंडात बसलेली आहे.

इथेच सगळं बिघडतं. कोडं पात्रांना पडलंय, उत्तर आपल्या खिशात आहे. रहस्य असलंच तर एवढंच, की यांना ते कधी कळणार. कारागिराच्या बाजूने पाहिलं तर त्याची अडचणही कळते. 1990 साली एका खेड्यातून निघालेली चार-पाच पोरं दहाव्या खंडापर्यंत चार दिशांना पांगलेली, प्रत्येकाच्या मागे स्वतंत्र लटांबर. अकराव्याला सगळ्यांना एका तारखेवर आणायचं तर मागे पडलेल्यांना ढकलत पुढे आणावंच लागणार. पण ते ढकलणं आपल्याच पाठीवर, तेही पूर्ण किमतीत!

तेव्हा हा खंड वाचायचा कसा? प्रस्तावना लघुकादंबरीएवढी आहे. ती वाचा, कारण त्यातला सेनापती इटुराल्डे पुढे कामाचा आहे. मग रँडचा गाववाला मॅट येतो, सर्कशीसोबत पळतोय, त्याला अजिबात गाळू नका. पाचव्या प्रकरणापासून दुसरा गाववाला, पेरिन. त्याची बायको फाईल दहाव्या खंडाच्या आधीच पळवली गेली ती अकराव्यात सापडते. हरवलेली फाईल मिळायला एवढा वेळ लागतो, यात आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटू नये. दहाव्या प्रकरणापासून राजकन्या एलेन. तिला गादीसाठी एकोणीस घराण्यांपैकी दहांचा पाठिंबा हवा आहे. आकडा जुळवण्याचा हा खेळ आपण बातम्यांत फुकट पाहतो. इथे त्यासोबत अंघोळ, गरोदरपणाचा फिकट चहा आणि बकरीचं दूधही आहे. ही पानं तिरकी वाचली तरी चालतात. सोळाव्यापासून बंडखोर जादूगारणींची प्रमुख एग्वीन हिच्या छावणीत बैठका. बैठकीत ठराव, ठरावावर मतदान आणि मग डोकेदुखी. तिची आणि आपलीही.

कथानायक रँड चोविसाव्या प्रकरणात उगवतो. तोही थकलेला. शत्रूकडे तहाची बोलणी करायला माणसं धाडतो आणि पुन्हा दिसतो तो थेट उपसंहारात, त्यांचा निरोप ऐकायला.

आता इथवर वाचून पुस्तक फेकू नका, कारण पंचविसाव्यापासून पेरिन परत येतो आणि सव्विसावं प्रकरण मला मनापासून आवडतं. काही न घडणारं असूनही. पेरिनच्या फौजेला धान्य हवंय म्हणून ते सो हाबोर नावाच्या गावी जातात. गावातली माणसं महिनोन्महिने न धुतलेली, नजर चुकवणारी. गावात मेलेले लोक फिरताहेत. कोठारातली पोती उघडावीत तर धान्यात सोंडे वळवळताहेत. मग घासाघीस होते आणि धान्य उफणून सोंडे काढायचं काम सुरू होतं. जगबुडी तोंडावर आलीय आणि नायक धान्याची कीड काढतोय! मोहिमा भाकरीवर चालतात, हे कल्पनारम्य कादंबऱ्यांत फारसं कोणी सांगत नाही. जॉर्डन व्हिएतनामला लढून आलेला माणूस, त्याला ते ठाऊक असणारच.

पाठोपाठ सत्ताविसावं. बायकोचा पत्ता काढायला पेरिन बांधलेल्या कैद्याचा हात कुऱ्हाडीने तोडतो, मग तीच कुऱ्हाड झाडात रुतवून निघून जातो. हातोडा की कुऱ्हाड, म्हणजे घडवणं की मारणं, हा झगडा त्याच्या मनात कितीतरी खंड चाललाय. आणि तो इथे मिटतो, कंटाळ्याच्या ऐन मध्यावर! म्हणून कोणी विचारलं की दहावा खंड गाळू का, तर तोंडून "हो" निघता निघत नाही. शेवटी एग्वीन वेढा घातलेल्या शहराच्या बंदराची साखळी अभेद्य करायला जाते आणि पकडली जाते, तेही गाळून कसं चालेल?

एक पथ्य मात्र पाळा. अकरावा हाताशी असल्याशिवाय दहावा उघडू नका. 2003 च्या वाचकाला ती सोय नव्हती. त्याला मध्येच 2004 मध्ये पूर्वकथा मिळाली आणि अकरावा 2005 च्या ऑक्टोबरात. तो झकास आहे, पण जॉर्डनच्या हयातीत आलेला तोच शेवटचा. 2007 मध्ये तो गेला आणि उरलेले तीन खंड त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पुरे केले. त्यात सगळं भराभरा घडतं. चौदाव्यात तर अंतिम लढाईचं एकच प्रकरण दीडशेहून जास्त पानांचं आहे, माणसं पटापट मरतात, आणि वाचता वाचता मला वाटायला लागतं, अरे, जरा थांबा, कोणीतरी निवांत अंघोळ करून घ्या.