अजून एक कापडी पिशवी नको

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत एका सामाजिक संस्थेची 'हिरवं जगा' मोहीम येऊन गेली. पार्किंगमध्ये खुर्च्या, माईक, चहा (कागदी कपात, असो). ध्रुवावरचा बर्फ वितळतोय वगैरे ऐकून झालं आणि जाताना घरटी एक कापडी पिशवी मिळाली.

ती दारामागच्या खिळ्यावर अडकवायला गेलो तर खिळ्यावर जागाच नाही. मोजल्या. नवी धरून सतरा! पतसंस्थेची, तीन लग्नांतल्या, एक मुंजीतली, दोन आईने जुन्या पडद्याच्या शिवलेल्या. त्या दोनच काय त्या धुवून विरलेल्या. बाकीच्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि आदल्याच दिवशी मंडईत मेथीची जुडी घेताना मी मावशींना काय म्हणालो होतो? "एखादी कॅरीबॅग आहे का हो?"

राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी येऊन किती वर्षं झाली? 2018 पासून. मावशींनी गोणपाटाखालून एक काढून दिली, वर टोमणा फुकट : "साहेब, गाडीची डिकी काय हवा ठेवायला आहे का?"

सगळ्या मोहिमेपेक्षा मला उपयोगी पडलं ते हे एवढंच वाक्य.

हा रोग फक्त आपला नाही. 2007 साली ब्रिटनमध्ये 'वी आर व्हॉट वी डू' या संस्थेने अन्या हिंदमार्च या डिझायनरला घेऊन 'मी प्लास्टिकची पिशवी नाही' असं छापलेली कापडी पिशवी काढली. किंमत 5 पाउंड. सेन्सबरी या सुपरमार्केटच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा, 20,000 पिशव्या बघता बघता संपल्या, मग इंटरनेटवर चढ्या भावाने विक्री. सामान्य माणसापर्यंत पोचायचं म्हणाल तर शंभर टक्के यश. पण रांगेतल्या किती जणांनी ती पुढे बटाटे आणायला नेली, देव जाणे. त्याच देशाच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने 2011 साली हिशेब मांडला : एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा तापमानवाढीचा भार कमी व्हायचा असेल, तर सुती पिशवी 131 वेळा वापरली पाहिजे. माझ्या खिळ्यावरच्या पंधरा पिशव्यांचा आकडा शून्य आहे.

याउलट आपल्याच पुण्यातली 'स्वच्छ'ची लाल ठिपक्याची मोहीम बघा. 'स्वच्छ' म्हणजे कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. मागणं एवढंच की वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडी उघडून बघावी लागू नये, म्हणून. आमच्याकडे हे कळलं त्या दिवशी बायकोने फ्रिजवरच्या डब्यात लाल स्केचपेन ठेवलं, ते आजही तिथेच आहे. पृथ्वी वाचवायला म्हणून ते कोणी हातात घेतलं असतं असं मला वाटत नाही. सकाळी साडेसातला बेल वाजवणाऱ्या ताईंचा हात डोळ्यासमोर आला, म्हणून घेतलं. ध्रुवावरचा बर्फ आमच्या घरी बेल वाजवत नाही ना!

संस्थेच्या मुलामुलींच्या तळमळीबद्दल शंका नाही. उन्हात उभी होती बिचारी. पण चूक होते ती पिशवी देण्यात. पुणेकराला पिशवीची टंचाई कधीच नव्हती, ती आठवणीची आहे. पुढच्या वेळी पिशव्यांचे पैसे वाचवा आणि पार्किंगमध्ये उभं राहून प्रत्येकाची डिकी उघडायला लावा. घरातलीच एक पिशवी आत टाकली की सही. दहा मिनिटांचं काम, भाषण नाही.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली. बारा पिशव्या मंडईत मावशींना नेऊन दिल्या, विसरभोळ्या गिऱ्हाइकांसाठी. त्यांनी लगेच दहा रुपये डिपॉझिट ठरवून टाकलं, पिशवी परत आणली की पैसे परत.

काल भाजी घ्यायला गेलो. हात हलवत. मावशींनी मुंजीतली पिशवी काढली, गवार भरली आणि दहा रुपये मागितले.