'मोबाईल आहे ना, मग पत्रकार कशाला?' म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज फिरतोय: "आता ज्याच्या हातात मोबाईल तो पत्रकार. जे खरं असतं ते आपोआप व्हायरल होतं, बातम्या फुकट मिळतात, पेपर-चॅनेल बंद पडले तरी कुणाचं काही अडणार नाही." मला तो चार जणांनी पाठवला, चौघंही चांगले वाचणारे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, तो मान्यच करतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस गेला, तेव्हा पोलिसांनी आधी सांगितलं की तब्येत बिघडून मृत्यू झाला, आणि ते उघडं पडलं ते तिथे उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओमुळे. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर या पत्रकारितेतल्या मोठ्या पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण जे कॅमेऱ्यासमोर घडतच नाही त्याचं काय? २०१६ चे पनामा पेपर्स बघा, म्हणजे परदेशात गुपचूप काढलेल्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं: १ कोटी १५ लाख कागदपत्रं, ३७० हून जास्त पत्रकार, जवळपास ८० देश, वर्षभर कुणालाही पत्ता लागू न देता एकेक नाव, एकेक कंपनी तपासत बसले, आणि छापून आल्यावर दोनच दिवसांत, त्यात नाव आलेल्या आइसलँडच्या पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली. हे खिशातला मोबाईल काढून कसं होणार, सांगा.

खरं तेच व्हायरल होतं? साफ चूक. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या, तर खोटी बातमी रिट्वीट व्हायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खरीला साधारण सहापट वेळ लागला. बॉट्स, म्हणजे आपोआप ट्वीट करणारी खाती, बाजूला काढली तरी चित्र तेच, म्हणजे पसरवणारे आपणच, तुम्ही-मी. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवरच्या लोकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा काहीही संबंध नव्हता, पण त्याच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील याचा विचार करवत नाही.

फुकटचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पेपरांचं जाहिरातींचं उत्पन्न २००६ मध्ये ४९ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, २०२० मध्ये १० अब्जांच्याही खाली, जाहिराती गेल्या गुगल-फेसबुककडे आणि बातमीदार गेले घरी. शिवाय फुकट देणारा कधीही नळ बंद करू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडात बातम्यांसाठी अशा कंपन्यांनी पैसे द्यावेत या कायद्यावरून वाद झाला म्हणून मेटाने फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्याच बंद केल्या, आणि त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं, जीव मुठीत धरून निघालेल्या लोकांना फेसबुकवर बातमीची साधी लिंक टाकता येत नव्हती, स्क्रीनशॉट काढून पाठवत होते.

आणि कुणाचं काही अडणार नाही, यावर तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. अमेरिकेत संशोधकांनी तपासलं की गावचा पेपर बंद पडल्यावर काय होतं, तर तिथल्या स्थानिक सरकारला कर्ज महाग पडायला लागतं, कारण हिशेब बघणारं कुणी उरलं नाही हे कर्ज देणाऱ्यालाही कळतं. ते जास्तीचं व्याज जातं करातून, आणि कर भरतात तिथलेच लोक, ज्यांना वाटत होतं की आपण बातम्यांवर पैसे वाचवले.