‘सोलो रेकॉर्डशी जुळत नाही’: तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी तुमची ऑर्डर, तुमचे दोन्ही मेल आणि आमची फाइल समोर ठेवून बसलो. तुमचं म्हणणं असं: ‘बिलीज बाउन्स’ या जॅझ धूनवरच्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या सोलोचं, म्हणजे त्याने एकट्याने वाजवलेल्या भागाचं, ट्रान्सक्रिप्शन (ऐकून कागदावर उतरवलेले सूर) घेतलं, पण त्याचे सूर रेकॉर्डशी जुळत नाहीत. वाजवलं तर मशीनसारखं वाजतं. सोबत घेतलेली दुसरी शीट म्हणजे एकच पान, डाव्या हाताला काही नाही. आठ दिवस मेलला उत्तर नाही. आणि असलं सगळं फुकट मिळतं, मग पैसे कशाचे?

मेलचं आधी सांगतो, कारण तिथे आमची बाजू मांडण्यासारखं काही नाही. तुम्ही पियानो वाजवता हे तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, ऐकत असलेल्या रेकॉर्डिंगची लिंकही दिली होती. तो मेल वेळेवर उघडला असता तर अर्धी तक्रार त्याच दिवशी मिटली असती. मनापासून माफी मागतो. ट्रान्सक्रिप्शनबद्दलचे मेल आजपासून थेट माझ्याकडे येतात.

आता सूर. तुमच्याकडे गेलेली फाइल अल्टो सॅक्सोफोनची आहे. अल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य, म्हणजे कागदावरचा सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळे. वादकाला कागदावर डी दिसतो, तो डीचं बोट धरतो आणि ऐकू येतो एफ. ही धून एफमधला ब्लूज आहे, म्हणून अल्टोच्या पानावर ती डीमध्ये लिहिलेली असते. तेच पान पियानोवर ठेवलं की सगळा सोलो डीमध्ये वाजतो आणि रेकॉर्ड एफमध्ये चाललेली असते. एकही सूर जुळणार नाही, आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलंय. आमच्या पानावर ‘अल्टो’ हा शब्द होता, पण खाली, बारीक अक्षरात. विकत घेणाऱ्याने तो शोधून काढावा ही अपेक्षाच चुकीची होती. आता वाद्य निवडल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही.

पण एवढ्याने भागत नाही. तुमची लिंक मी ऐकली. तो दुसराच टेक आहे, म्हणजे तीच धून पुन्हा वाजवून केलेलं वेगळं रेकॉर्डिंग. पार्करने ही धून २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी रेकॉर्ड केली. तिचे पाच टेक झाले आणि मूळ रेकॉर्डवर आला तो पाचवा. बाकीचे पुढे प्रसिद्ध झाले, आणि आज ऐकण्याच्या ॲपवर ते एकाच नावाने शेजारी शेजारी दिसतात. मुखडा तोच, पण सोलो प्रत्येक वेळी नवा, कारण तो तिथल्या तिथे सुचलेला असतो. आम्ही लिहून घेतलाय तो पाचव्या टेकचा. हे आम्ही कुठेच छापलं नव्हतं. सोलोच्या कागदावर टेकचा उल्लेख नसेल तर तो कागद अर्धाच, असं मी स्वतः शिकवताना सांगत आलोय. म्हणूनच ही चूक मला जास्त लागली.

तिसऱ्या ओळीत एका ‘जी’ सुरावरचं शार्पचं चिन्हही गळलं होतं. तुमच्या मेलमुळे सापडलं. दुरुस्त केलंय.

‘मशीनसारखं वाजतं’ याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे चूक छपाईची नाही आणि तुमचीही नाही. स्विंगचे, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचे, आठवांश सूर कागदावर सरळ, समान लिहितात. तशी पद्धतच आहे. पण वाजवताना जोडीतला पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो, आणि किती हे लयीवर ठरतं. लय चढली की दोघं जवळजवळ सारखे होतात. शिवाय काही सूर नुसते स्पर्श करून सोडलेले असतात. आम्ही ते कंसात लिहितो. कंसातला सूर पूर्ण जोराने वाजवला की ओळीतला जीव जातो. हे लिहून दाखवायला चिन्हं कितीही काढली तरी अपुरीच पडतात.

म्हणून एक विनंती. नवीन फाइल आली की पहिले दोन दिवस ती उघडू नका. सोलोचे पहिले चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) निम्म्या वेगाने लावा आणि गा. आवाज चांगला नसला तरी चालेल, पण कुठे श्वास घेतलाय, कुठे सूर गिळलाय ते तोंडात बसू द्या. जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना वाद्य हातात घेण्याआधी सोलो गायला लावायचे. पार्कर स्वतः १९३७च्या उन्हाळ्यात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरूनच शिकला. त्या काळी वेग कमी केला की सूरही खाली उतरायचा, निम्म्या वेगाला थेट एक सप्तक. आज फोनवर सूर तसाच ठेवून वेग कमी करता येतो. चार बार तोंडात बसल्यावर कागद उघडा. तेव्हा तो तुमच्या कानाचा ताळा करायला उपयोगी पडेल.

एका पानाची शीट अर्धवट नाही. ती लीड शीट आहे: वर धून, तिच्या डोक्यावर कॉर्डची नावं. डावा हात वाजवणाऱ्याने बसवायचा असतो. सुरुवात सोपी आहे. डी मायनर सेव्हनला फक्त एफ आणि सी धरा. जी सेव्हन आला की एफ जागेवर ठेवा, सी अर्धा सूर उतरून बीवर आणा. सी मेजर सेव्हनला बी तसाच ठेवून एफ ईवर आणा. एका वेळी एकच बोट हलतं आणि तीनही कॉर्ड स्पष्ट ऐकू येतात. हे आम्ही विक्रीच्या पानावर सांगायला हवं होतं. दोन्ही हातांसाठी लिहिलेली मांडणी हवी असेल तर त्याच धूनची आहे. ती तुम्हाला तशीच पाठवतो.

फुकट मिळतं हे खरं आहे, आणि त्यातलं काही फार चांगलं असतं. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी काढलेलं ‘रिअल बुक’ हे जॅझ लीड शीटचं पुस्तक वर्षानुवर्षं विनापरवाना हातोहात फिरलं. त्यावर कित्येक जण शिकले, पण धूनकारांना त्यातून काही मिळत नव्हतं, आणि त्यातल्या चुकाही तशाच पाठ झाल्या. परवाने घेऊन अधिकृत आवृत्ती आली ती २००४मध्ये. पार्करचे आणखी सोलो हवे असतील तर आमच्याकडून एकेक घेण्यापेक्षा १९७८चं ‘ऑम्निबुक’ हे त्याच्या सोलोंचं पुस्तक बघा. साठ सोलो आहेत आणि वेगवेगळ्या वाद्यांच्या वेगळ्या आवृत्त्या मिळतात. पियानोला सीची, म्हणजे ऐकू येतो तोच सूर लिहिलेली, घ्या. कुठूनही काहीही घेताना वाद्य कोणतं आणि रेकॉर्डिंग नेमकं कोणतं, हे दोन प्रश्न आधी विचारा. आम्हालाही.

तुमचे पैसे आज परत केलेत. पियानोसाठी एफमध्ये लिहिलेली, दुरुस्त केलेली फाइल आणि पाचव्या टेकची लिंक मेलवर आली असेल. तारे बदला असं मी म्हणणार नाही. एखाद्या बारवर अडलात तर बारचा नंबर लिहून पाठवा, मी तेवढा तुकडा सावकाश वाजवून रेकॉर्ड करून देईन.