क्राऊड नाहीये मॅडम

आमच्या फॅमिली ग्रुपवर जे चाललंय त्यावर मी गप्प बसणार होतो, पण आता बसवत नाही. विषय तसा फालतू, बारमधल्या टीव्हीचा. 2 नोव्हेंबर 2025 ला, म्हणजे महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या फायनलच्या रात्री, माझी भाची बाणेरच्या एका स्पोर्ट्स बारमध्ये गेली होती, मैत्रिणी धरून पाच जणी. भिंतभर स्क्रीनवर इंग्लंडमधला फुटबॉल, आणि आपली फायनल कुठे तर वॉशरूमकडे जायच्या पॅसेजपाशी एका छोट्या टीव्हीवर, आवाज बंद. तिनं मॅनेजरला विचारलं, मोठ्यावर लावता का? तो म्हणाला, "क्राऊड नाहीये मॅडम." ही म्हणाली, आम्ही पाच जणी क्राऊडमध्ये धरत नाही का? तो हसला आणि गेला. झालं, एवढंच.

एवढंच तिनं ग्रुपवर टाकलं आणि मिरजेचा आमचा आतेभाऊ उतरला ना मैदानात. त्याची परमिट रूम आहे, वीसेक वर्षं गल्ल्यावर बसतोय, त्यामुळे बार या विषयात शेवटचा शब्द त्याचा. "पोरी, गिऱ्हाईक उठून गेलं तर बिल कोण भरणार? जे चालतंय ते लावायचं, त्यात बाईमाणूस-बाप्यामाणूस काय नसतंय." त्यावर काकांचे दोन अंगठे, एका मावसभावाचं "धंदा इज धंदा". भाची एकटी पडली. मग मी लिहिलं की आमच्याकडे अमेरिकेत पोर्टलंडमध्ये असा बार आहे जिथे फक्त बायकांचेच खेळ लावतात आणि तो जोरात चालतो, तेव्हा धंद्याचं कारण सांगू नका. आतेभावाचा रिप्लाय दोन मिनिटांत: "तू तिकडं बसून शिकवू नकोस. डॉलर पाठीव, लावतो."

हे "तिकडं बसून" मला फार लागतं. 2008 पासून तिकडंच बसलोय त्याला मी तरी काय करू. इकडे चिपच्या कारखान्यात मी अजून "इंडियन टीममधला", आणि तिकडे मी "डॉलरवाला". असो.

तर त्या बारबद्दल. नाव आहे स्पोर्ट्स ब्रा. हो, तेच. ग्रुपवर नाव लिहिल्यावर आत्यानं विचारलं, "काय रे हे, बायकापोरं आहेत ग्रुपवर." इंग्रजीत बारची शेवटची दोन अक्षरं उलटी केली की ते होतं, एवढीच गंमत आहे. जेनी न्गुयेन नावाची पोर्टलंडची शेफ. 2018 साली कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल फायनल बघायला ती मैत्रिणींबरोबर एका बारमध्ये गेली. बाकी सगळ्या स्क्रीनवर दुसरंच काहीतरी, ही मॅच कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर, आणि आवाज बंद. त्या फायनलमध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या अरिके ओगुनबोवालेनं अगदी शेवटच्या क्षणी बॉल टाकून मॅच काढली, म्हणजे लोकांनी खुर्च्यांवर चढावं अशी मॅच, आणि ही टोळी मुक्या टीव्हीसमोर एकटीच किंचाळत होती. मग चार वर्षांनी, एप्रिल 2022 मध्ये, तिनं नॉर्थईस्ट ब्रॉडवेवर स्वतःचा बार काढला, लोकांकडून वर्गणीसारखे लाखभर डॉलर जमवले होते, आणि पहिल्या आठ महिन्यांत धंदा केला 9 लाख 44 हजार डॉलरचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिएटलला बॅलर्डमध्ये रफ अँड टंबल निघाला, तिथंही बायकांचे खेळ पुढे.

म्हणजे बघा, छोटा टीव्ही, कोपरा, आवाज बंद. बाणेर आणि पोर्टलंड, सात वर्षांचा फरक, आणि टीव्ही तोच. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मला वाटलं आता सगळे गप्प होतील. आतेभाऊ म्हणाला, "मग काढ म्हणावं पोरीला बार."

माझं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरत नाही की शिरवून घ्यायचं नाहीये, कळत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की "जे चालतंय ते लावतो" हे अर्धंच खरं आहे, जे लावतात तेच चालतं हे उरलेलं अर्धं. गिऱ्हाईक काय घरून ठरवून येतं का की आज मी अमुक फुटबॉलच बघणार? चार-दोन येत असतील. बाकीचे चखण्यावरून मान वर करतात आणि समोर जे मोठं दिसतंय, ज्याचा आवाज येतोय, ते बघतात. 2018 ची ती फायनल कोपऱ्यात मुकी होती. तीच स्पर्धा, 2024 ची फायनल, साउथ कॅरोलिना आणि आयोवा, आयोवाची स्टार केटलिन क्लार्क हिची शेवटची कॉलेज मॅच, इकडे सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी बघितली आणि पुरुषांची फायनल दीड कोटीच्याही आत राहिली. मुलींची फायनल मुलांच्या पुढे गेली ती पहिल्यांदाच. सहा वर्षांत काय अमेरिकेत नवीन माणसं जन्माला आली का? माणसं तीच होती, दाखवणारे सुधारले.

आणि आपल्याकडे तर क्राऊड नाही असं म्हणायची सोयच नाही. जिओहॉटस्टारनं स्वतः सांगितलं की ही फायनल त्यांच्याकडे साडेअठरा कोटी लोकांनी बघितली, 2024 च्या पुरुषांच्या टी-ट्वेंटी फायनलइतकीच. डब्ल्यूपीएलचे, म्हणजे बायकांच्या आयपीएलचे, पाच वर्षांचे प्रसारणाचे हक्क 2023 मध्येच 951 कोटींना गेलेत. हे मी टाकल्यावर आतेभाऊ म्हणतो, "ते घरात बघत होते लेका, फुकटात, माझ्याकडे कुठं आले?" आता याला काय बोलायचं? हा मुद्दा बरोबर आहे हे मला तेव्हाही कळलं होतं, फक्त ग्रुपवर कबूल केलं नाही.

इकडच्या बारचा हिशोब त्याला समजावून सांगायचाही मी प्रयत्न केला, कारण इकडे तर टीव्ही लावणं हाच खर्चाचा भाग आहे. घरचं कनेक्शन बारमध्ये लावलं की पकडतात. बारचं वेगळं घ्यावं लागतं, आणि अमेरिकन फुटबॉलच्या संडे तिकीटचा, म्हणजे रविवारच्या मॅचच्या पॅकेजचा, दर ठरतो फायर मार्शलनं, म्हणजे आगीपासून सुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, तुमच्या जागेत किती माणसं मावतात म्हणून लिहून दिलंय त्यावर. म्हणजे प्रत्यक्षात दहा टाळकी बसू देत नाहीतर दोनशे, पैसे दोनशेचे. वर्षाला हजारो डॉलर. एवढे भरल्यावर तो मालक रविवारी सकाळी दहाला तीसच्या तीस स्क्रीनवर तेच लावणार, दुसरं लावेल कशाला? क्रिकेटसाठी विलो या चॅनलचं वेगळं बिल भरायचं आणि बघणार कोण, तर मी आणि टेस्टिंगमधला तो हैदराबादी. हे सगळं समजावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आतेभावाचीच बाजू मांडतोय, फक्त डॉलरमध्ये. मेसेज डिलीट केला, पण तोवर त्यानं वाचला होता.

तरी इकडे एक आहे, विचारता येतं. गिऱ्हाईक बारटेंडरला सरळ सांगतं, भावा ती चार नंबरची स्क्रीन डक्सवर टाक, म्हणजे इथल्या ओरेगन युनिव्हर्सिटीच्या मॅचवर, आणि तो टाकतो. थॉर्न्स या पोर्टलंडच्या महिला फुटबॉल टीमच्या मॅचच्या दिवशी पोरी स्कार्फ घालून येतात आणि आवाज मोठा करायला लावतात, कुणी हसत नाही. रिमोट मागणं हा इकडे गिऱ्हाइकाचा हक्क आहे. आपल्याकडे रिमोट गल्ल्यात, नोटांच्या शेजारी. हेही मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं.

खरं तर गल्ल्यातल्या त्या रिमोटवर माझा जीव आहे. 1998, शारजा. सांगलीत आमच्या भागातली लाईट गेली होती आणि आम्ही सायकली काढून पलीकडच्या पेठेत टीव्हीच्या दुकानासमोर. वाळूचं वादळ येऊन मॅच थांबलेली, दुकानदारानं शटर अर्धं खाली घेतलं होतं पण आतले टीव्ही चालूच ठेवले, सात-आठ टीव्ही, सगळ्यांवर सचिन, प्रत्येकाचा रंग वेगळा, एकावर तर तो हिरवट दिसायचा. रस्त्यावर दीडशे माणूस वाकून अर्ध्या शटरखालून बघतंय. 143 झाल्या, मॅच हरलो तरी फायनलला गेलो. त्या दुकानदाराला काय मिळालं? एक टीव्ही खपला नसेल. तो काय क्राऊड बघून लावत होता का? त्याला स्वतःला बघायची होती, बस्स. क्राऊड मागून जमला.

पण त्या क्राऊडमध्ये एक मुलगी नव्हती, हे मला भाचीचा मेसेज वाचून पहिल्यांदा जाणवलं. सत्तावीस वर्षं ही आठवण सांगतोय मी, लग्नात, पिकनिकला, इकडच्या मंडळाच्या गणपतीत, आणि कधी डोक्यातच आलं नाही. आणि 2005 ची महिला वर्ल्डकपची फायनल, सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून 98 धावांनी हरलो ती, तेव्हा मी भारतातच होतो, हातात रिमोट होता, बघितली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. त्यामुळे बाणेरच्या मॅनेजरला शिव्या घालताना जरा जपून.

आता मुख्य गोष्ट, जी ग्रुपवर लिहिली नाही.

फायनलच्या रात्री इकडे हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं तासभर मागे जायची होती. मॅच आमच्या रात्री दीडला, आणि त्या रात्री दीड दोनदा वाजतो. गजर लावून उठलो तर नवी मुंबईत पाऊस. सोफ्यावर पांघरूण घेऊन दोन तास बसलो, बायको उठली, चहा झाला, साडेतीनला एकदाची मॅच सुरू. स्मृती 45 वर गेली तेव्हा सांगलीकर म्हणून मी जो काही शब्द काढला त्यानं लेक जागी झाली. मग तिघंही. शेफालीच्या 87, दीप्तीच्या 58, आपण 298. बाहेर उजाडलं. आणि साडेनऊला, दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड्ट अजून खेळतेय, मॅच पूर्ण अडकलेली, मी बूट घालून घराबाहेर पडलो.

कारण दहाला पोर्टलंडशेजारच्या बीव्हर्टनच्या एका स्पोर्ट्स बारमध्ये ऑफिसच्या फँटसी लीगचं, म्हणजे खऱ्या फुटबॉल खेळाडूंच्या आपापल्या टीम कागदावर बनवून खेळायच्या स्पर्धेचं, ठरलेलं होतं. मॅनेजर येणार होता, त्याचा मॅनेजर येणार होता. त्या वर्षी ले-ऑफ इतके झाले होते की पार्किंगमध्ये कुठेही जागा मिळायची. अशा वेळी "माझ्या देशाची फायनल आहे, येत नाही" असा मेसेज मी तीनदा टाईप केला आणि तीनदा खोडला. बायको म्हणाली जाऊ नकोस, लेक म्हणाली बाबा सीरियसली? मी गेलो. हायवे 26 वर रेडिओसारखी कॉमेंट्री लावून गेलो.

तिथे तीस स्क्रीन, तीसही फुटबॉलच्या. आमच्या टेबलासमोरची एक स्क्रीन तर कुणी बघतच नव्हतं. बारटेंडर दोनदा येऊन विचारून गेली, एनिथिंग एल्स? मी टेटर टॉट्स मागवले. विलो आहे का, एवढं विचारायचं होतं. नसतं म्हणाली असती, काय बिघडलं असतं? माझी भाची चोवीस वर्षांची, तिनं बाणेरमध्ये उभं राहून विचारलं, हसू करून घेतलं. मी सतरा वर्षांत या देशात एकदाही कुणाला स्क्रीन बदला म्हणालो नाहीये. स्पोर्ट्स ब्रामध्येसुद्धा एकदाच गेलोय, पाहुण्यांना दाखवायला, ग्रुपवर मी टाकलेला तिथला फोटो तेव्हाचा.

वोल्वार्ड्टचा तो कॅच, अमनजोतच्या हातातून दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा राहिला तो, मी टेबलाखाली मांडीवरच्या फोनवर बघितला. वर सगळे कुठल्याशा टचडाऊनला ओरडत होते म्हणून मीही ओरडलो, त्या दिवसातला माझा एकमेव खरा आवाज तो, आणि समोरचा म्हणाला, अरे तो तुझ्या टीममध्ये आहे का?

दरम्यान भाचीनं ग्रुपवर विचारलं होतं, "मामा, तू त्या बायकांच्या बारमध्ये बघतोयस ना?" त्याला मी अंगठा दिला.

आतेभावाचं तर दोन दिवसांनी आत्याकडून कळलं. त्यानं मिरजेत संध्याकाळपासून फायनलच लावली होती. स्मृती गेल्यावर दोन टेबलं म्हणाली बातम्या लाव, यानं रिमोट गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. एक टेबल उठून गेलं म्हणे. मग ग्रुपवर कशाला भांडत होतास असं मी त्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "माझी गोष्ट वेगळी, मला बघायची होती."

शेवटची विकेट पडायच्या आधी मी फोन कानाला लावून बाहेर आलो, इंडियाचा कॉल आहे असं सांगून. पार्किंगमध्ये गाडीत बसलो, काचा वर. डी क्लर्कनं उंच मारला, हरमनप्रीत मागे पळत गेली. 52 धावांनी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून किती वेळ बसलो माहीत नाही. टॉट्स गार झाले असणार म्हणून तोंड पुसून आत गेलो. मॅनेजरनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आवाज खाली आणून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं हो, ठीक आहे.