डबा घरी पोचतो, मूल घरीच राहते

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर परवा वाद झाला, तो अंगणवाडीत न येणाऱ्या चार वर्षांच्या एका मुलीवरून. तिला चालता येत नाही आणि बोलणे अस्पष्ट आहे. पटावर तिचे नाव आहे, आहाराचा डबा मदतनीसताई न चुकता घरी पोचवतात, त्यामुळे गावाच्या लेखी सारे सुरळीत आहे.

निवृत्त गुरुजींचे म्हणणे असे, की सहा वर्षांची झाली की तिला जिल्ह्याच्या विशेष शाळेत घालावे. एकटी सेविका वजने घेणार, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरणार, गृहभेटी करणार, की एकाच मुलीजवळ बसणार? सेविकेवरील भाराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सहा वर्षांपर्यंत थांबणे मात्र मुळीच मान्य नाही. कायदाही नेमका येथेच तोकडा पडतो: 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वयासाठी आहे. मूल ज्या वयात भाषा शिकते, सवंगडी जोडते, ते वय या दोन्ही हक्कांबाहेर राहते.

"पण तपासणीचे पथक येते ना, भाऊ?" एका शेतकरी मित्राने विचारले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे, अशी योजना आहे. पण जे मूल तिथे आणलेच जात नाही, ते पथकाच्या नजरेस पडणार कसे? पडले तरी पुढचे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून, मुलीला कडेवर घेऊन आईने एसटीच्या किती फेऱ्या कराव्यात? तिला दोष देणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

केंद्राने 2023 मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळखणे, इतरांसोबत सामावून घेणे आणि गरजेनुसार उपचारांसाठी पाठवणे, अशी त्याची दिशा योग्यच आहे. पण आमच्या अंगणवाडीला पायऱ्या आहेत, उतार नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते, त्यातून उतार आणि आधाराची खुर्ची करावी, असे मी सुचवले. तेव्हा पारावरच्या एका काकांनी विचारले, की ज्या प्रौढ दिव्यांगांना आज ती रक्कम मिळते, त्यांच्या हातचे काढून घ्यायचे का? प्रश्न रास्त होता. म्हणून उतारासाठी दुसऱ्या निधीचा विषय ग्रामसभेत मांडायचे ठरले. मुलीची रोजची ने-आण कोण करणार, यावर मात्र एकमत झाले नाही.